मिठाच्या बरणीला पाणी सुटलं की

जून लागला की गोव्यातल्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. कोणी तळाशी तांदळाचे चार दाणे टाकतं, कोणी बरणी चुलीच्या उबेला सरकवतं. फार तर कढी खारट होते. औद्योगिक वसाहतीतल्या पोलादाच्या भट्टीवर मात्र हीच ओल जिवावर बेतू शकते.

तिथलं मीठ म्हणजे सिलिकोमँगनीजचे, म्हणजे मँगनीज, सिलिकॉन आणि लोखंडाच्या मिश्रधातूचे, करडे, चकाकणारे खडे. भिजलेला खडा वितळलेल्या पोलादाच्या १६०० अंशांच्या रसात पडला की पाण्याची क्षणात वाफ होते, ती दीड हजार पटींहून जास्त फुगते आणि रस उसळतो. उसळला नाही तरी पाण्यातला हायड्रोजन रसात मुरतो, रसाची बिलेट, म्हणजे ओतीव कांब, थिजताना बाहेर पडू बघतो आणि आत सुईच्या टोकाएवढी भोकं ठेवून जातो. म्हणून खडे आधी तापवून, खडखडीत कोरडे करूनच घालायचे. ढिगावर ताडपत्री घातली म्हणून निश्चिंत राहू नये. खालचा थर जमिनीची ओल ओढतच असतो.

पण हे खडे घालायचेच कशाला? गोव्यातल्या आमोण्याच्या झोतभट्टीतून निघतं त्या बिडात चारएक टक्के कार्बन असतो, म्हणून ते ठिसूळ. प्राणवायू फुंकून कार्बन जाळला की पोलाद होतं खरं, पण उरलेला प्राणवायू रसातच राहतो. त्यात गंधकाची भर. लोखंड आणि गंधकाचं संयुग कणांच्या सांध्यांत पातळ थर धरतं आणि हजार अंशांच्या आतच वितळतं. लालभडक कांब रोलिंगला गेली की तिथंच फाटते. खड्यांतलं सिलिकॉन आणि मँगनीज तो प्राणवायू ओढून घेतात, आणि मँगनीज असलं की गंधकही लोखंडाला सोडून त्याला चिकटतो. १८५६ साली हेन्री बेसेमर या इंग्रज संशोधकाने हवा फुंकून पोलाद केलं, त्याचं नाव झालं. ते पोलाद वापरण्याजोगं झालं रॉबर्ट मशेटने त्यात मँगनीजवालं बीड घातलं तेव्हा. त्याची आठवण कमीच निघते.

हिशेब वाण्याच्या वहीतला. १० टन रसात मँगनीज ०.२ वरून ०.७ टक्क्यांवर न्यायचं तर ५० किलो हवं. खड्यांत ते ६० टक्के, म्हणजे ८३ किलो खडे. दहावा हिस्सा जळून मळीत, म्हणजे रसावर तरंगणाऱ्या कचऱ्याच्या थरात, जाणार असं धरलं, तर ९३. त्यांच्याबरोबर चौदाएक किलो सिलिकॉनही फुकट येतं. सिलिकॉनसाठी वेगळं घालायचं फेरोसिलिकॉन तोलताना ते वजा करायचं राहिलं की रिपोर्टमध्ये सिलिकॉन वर गेलंच म्हणून समजा. आणि तो दहावा हिस्सा काही दगडावरची रेघ नव्हे. वरची मळी काळी, लोहाच्या ऑक्साइडने माजलेली असेल, तर ती मँगनीज आणखी खाते. आधी मळी काढायची, मग खडे.

वेळही सांभाळायची. लॅडल, म्हणजे भट्टीतला रस ज्यात ओततात ती मोठी बादली, रिकामी असताना टाकलेले खडे तळाला चिकटून बसतात, भरत आल्यावर टाकलेले वर मळीत अडकतात. पाव लॅडल भरली की सुरुवात, पाऊण भरायच्या आत खेळ खलास. पडणारी धारच ढवळून देते. रसात घालायच्या बाकी जिनसांच्या तऱ्हा वेगळ्या. अॅल्युमिनियम हलकं, तरंगतं आणि वरच्या वर जळतं, म्हणून त्याची तार रसात खोल सोडतात. कॅल्शियम तर १४८४ अंशांनाच उकळतं, तेही तारेच्या पोटात भरूनच उतरवावं लागतं. निकेल, मॉलिब्डेनम, तांबं मात्र निवांत. जळत नाहीत, भंगाराबरोबर पहिल्यापासून भट्टीत गेले तरी चालतं. तांब्याची पंचाईत हीच, की नको असलं तरी जाळून काढता येत नाही.

समुद्राकाठच्या घरांच्या बाल्कांवांना, म्हणजे दारापुढच्या ओट्यांना, हल्ली स्टेनलेसची रेलिंगं असतात. १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल हा नेहमीचा माल. स्वस्तातल्या मालात निकेल कापून मँगनीज वाढवलेलं असतं. दिसायला दोन्ही सारखेच आणि लोहचुंबक दोघांनाही जवळपास चिकटत नाही, त्यामुळे दुकानात चुंबक लावून घेतलेली परीक्षा म्हणजे मनाचं समाधान. खाऱ्या वाऱ्यात टिकायला दोनएक टक्के मॉलिब्डेनमवालं, ३१६ नंबरच्या जातीचं स्टेनलेस बरं. ते महाग पडतं, म्हणून मागणारे कमी. ऑक्टोबरात स्वस्तातलं रेलिंग बघा. वरचा दांडा पावसाने धुऊन लखलखीत. छपराखाली, जिथे पाऊस पोचत नाही आणि मीठ बसून राहतं, तिथल्या वेल्डिंगच्या सांध्याभोवती मात्र चहा सांडल्यासारखे तांबूस डाग.