द्राक्षासवाचे चार चमचे

हातांची थरथर आणि रात्रीचा घाम रुग्णालयात काढून झाल्यावर, शेवटच्या क्वार्टरनंतर दहाव्या दिवशी, डॉक्टरांनी दारू सोडवायची गोळी, डायसल्फिराम, सुरू केली. २५० मिलिग्रॅम, रोज एक. आधी यकृताच्या तपासण्या, ईसीजी आणि माझी सही. "सही कशाला?" "ही गोळी चोरून द्यायची नसते. न सांगता दिली आणि तुम्ही प्यायलात, तर जिवावर बेतेल." शेजारी बायकोने मान खाली घातली. वर्षभरापूर्वी जाहिरात वाचून तिने माझ्या आमटीत कसलीशी पूड कालवली होती, ते मला तिथे कळलं.

डॉक्टरांनी कागदावर बाण काढले. यकृत दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, तो विषारी पदार्थ. मग दुसरं एन्झाइम त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करतं. गोळी या दुसऱ्या एन्झाइमला निकामी करते. म्हणजे नळ चालू आणि मोरी तुंबलेली. शरीराला ते एन्झाइम नव्याने बनवावं लागतं, म्हणून गोळी थांबवली तरी दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो. १९४० च्या दशकात डेन्मार्कमधले हाल्ड आणि याकोबसन हे औषध जंतांवर चालतं का ते पाहत होते. स्वतःच गोळ्या घेतल्या, वर दारू घेतली, आणि हा गुण सापडला!

तलफ मात्र या गोळीने जात नाही, हे कोणी नीट सांगत नाही. संध्याकाळी बारवरून जाताना तळलेल्या चकण्याचा वास आला की जीव कासावीस व्हायचाच. फक्त "आज एकच" म्हणायची सोय उरली नव्हती. प्यायचं तर आज गोळी बंद करून पुढच्या पंधरवड्याचा बेत आखायचा, आणि इतका धीर मला पिण्याच्या बाबतीत कधीच नव्हता.

तिसऱ्या महिन्यात खोकला झाला. आईने लहानपणीसारखंच द्राक्षासव दिलं, चार चमचे, पाण्यातून. आसव आंबवताना त्यात मद्यार्क तयार होतो, बाटलीवर तसं छापलेलंही असतं. जन्मभर ती बाटली पाहिली, वाचली कधी नाही. पंधरा मिनिटांत कान तापले, चेहरा लालभडक झाला, छाती धडधडायला लागली, डोकं ठणकलं, मग उलट्या. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी. रक्तदाब उतरला होता. सलाईन लावून संध्याकाळपर्यंत झोपवून ठेवलं. आई बाहेर बाकावर बसून, "मीच पाजली रे याला," म्हणत रडत होती. इतकी वर्षं मी पिऊन आलो तेव्हा ती अशी रडलेली मला तरी आठवत नाही. कदाचित मीच शुद्धीत नसेन.

आता सकाळी बायको गोळी पाण्यात विरघळवते आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभी राहते. चहा त्यानंतर. खोकल्याचं औषध, माउथवॉश, आफ्टरशेव्ह, सगळ्यांची लेबलं आई पुतणीकडून वाचून घेते. परवा व्हिनेगर घातलेल्या लोणच्याची बरणी तिने दुकानात परत पाठवली. लोणचं चांगलं होतं, पण मी काही बोललो नाही.