हाताच्या मापाची मूठ : आमची वाटचाल

मोठ्या रिव्हॉल्वरच्या लाकडी मुठी बनवणं हा आमचा धंदा. पेनसिल्व्हेनियातल्या लँकॅस्टर परगण्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे. मी, माझी बायको आणि हाताखाली दोन कारागीर. कोल्हापूरचे नातेवाईक अजून विचारतात की मूठ ती काय, आणि तिच्यावर घर चालतं कसं? म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मी मूळचा पॅटर्न मेकर. कोल्हापुरात फौंड्र्या किती आहेत ते सांगायला नको. ओतकामासाठी वाळूत साचा उठवायचा तर आधी त्या भागाचा लाकडी पॅटर्न लागतो. आण्णा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात हेच काम करायचे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर. तेवढी वाढ पॅटर्नमध्ये आधीच धरावी लागते. लाकडावर मिलिमीटरच्या हिशेबाने हात बसतो तो असल्या कामात. पुढे मी अमेरिकेत एका पॅटर्न शॉपमध्ये नोकरीला आलो. इथेही हळूहळू संगणकावर चालणारी मशीनं आली, मग थ्रीडी प्रिंटिंग आलं, आणि लाकडी पॅटर्नचं काम आटत गेलं.

शॉपमधल्या एका जुन्या सहकाऱ्याला धातूच्या सिल्हूट नेमबाजीचा नाद होता. ही स्पर्धा मेक्सिकोतून अमेरिकेत आली. 50 मीटरवर कोंबडी, 100 वर डुक्कर, 150 वर टर्की आणि 200 मीटरवर मेंढा, सगळे पोलादी पत्र्याचे. मेंढ्याला गोळी लागली तरी भागत नाही, तो आडवा पडावा लागतो. म्हणून भारी काडतूस वापरतात, आणि भारी काडतूस हातालाही मारतं. त्याच्याकडे .44 मॅग्नम या भारी काडतुसाचं रिव्हॉल्वर होतं. डावाच्या शेवटी त्याचं मधलं बोट काळंनिळं झालेलं असायचं. त्याने मला मुठीचे दोन फळे, म्हणजे दोन बाजूंना बसणारे लाकडी तुकडे, दाखवले आणि म्हणाला, तू लाकडात एवढं बारीक काम करतोस, याचं काहीतरी कर. आमची पहिली मूठ ती. त्याच्या क्लबातल्या माणसांनी ती हातात घेऊन पाहिली आणि नोकरी सांभाळून करण्याइतकं काम मिळायला लागलं. पुढे शॉप बंद पडलं तेव्हा आम्ही पूर्णवेळ यातच उतरलो.

मधलं बोटच का दुखतं, हे समजलं की आमचा निम्मा धंदा समजला. कोल्ट कंपनीचं 1873 सालचं सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वर, ज्याचा घोडा दरवेळी अंगठ्याने मागे ओढावा लागतो, बार उडाला की तळहातात मागे फिरतं. नळी वर जाते आणि धक्क्याचा काही भाग त्या फिरण्यात जातो. डबल ॲक्शनमध्ये नुसता ट्रिगर ओढला तरी घोडा मागे जाऊन पडतो. त्याच्या फ्रेमला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, मागच्या बाजूला वर उंचवटा असतो. ट्रिगर लांबवर ओढताना हात वर सरकू नये म्हणून तो दिलेला आहे. तोच उंचवटा रिव्हॉल्वरला फिरूही देत नाही, त्यामुळे सगळा धक्का अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचकीत सरळ येऊन बसतो. दुसरं म्हणजे ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या, मागे, मुठीच्या वरच्या टोकाशी, फ्रेमला एक खोबण असते. ती रिकामी राहिली तर मधलं बोट तिथे शिरतं आणि प्रत्येक बाराला गार्डची कड पेरावर आदळते. स्मिथ अँड वेसन कंपनीने .44 मॅग्नम 1955 च्या अखेरीस आणलं, त्याच्यावरच्या जुन्या मोठ्या लाकडी मुठी दिसायला देखण्या आहेत. पण त्या खाली जाड आणि वर बारीक. करंगळीशी जिथे बारीकपणा हवा तिथे लाकूड जास्त, आणि मधल्या बोटाशी जिथे भर हवा तिथे लाकूड कमी. आम्ही हे उलटं करतो. खोबण भरून काढतो, बेचकीत येणारा भाग रुंद आणि गोल ठेवतो, आणि खाली निमुळतं करतो.

मुठीने धक्का कमी होतो असं मी कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगत नाही. काडतूस तेच आणि वजन तेच, म्हणजे धक्काही तेवढाच. फक्त तो दोन बोटांएवढ्या जागेवर पडण्याऐवजी सगळ्या तळहातावर पसरतो. एवढ्यानेच सहाच्या सहा गोळ्या झाडून माणूस पुन्हा सिलिंडर भरायला तयार असतो.

बायको हाताची फिजिओथेरपी करते. मिरजेला शिकली, इथे पुन्हा परीक्षा दिल्या. माझ्या पहिल्या मुठी बघून ती म्हणाली होती, "अहो, तुम्ही लाकूड मोजता, हात कुठे मोजता?" तेव्हापासून मापाचं सगळं काम तिच्याकडे. कागदावर उजवा किंवा डावा पंजा ठेवून पेन्सिलीने रेघ मारून पाठवायची, ही पद्धत अमेरिकेत जुनी आहे. तिने त्यात भर घातली : बेचकीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचं अंतर, अंगठ्याच्या मुळाशी सांधा दुखतो का, मनगट किती वळतं, हातमोजे घालून नेम धरता का. डबल ॲक्शनचा ट्रिगर पाच किलोच्या आसपास जोर मागतो, म्हणून बरेच नेमबाज तो बोटाच्या टोकाने न ओढता पहिल्या सांध्याने ओढतात. बोट तिथवर पोचत नसेल तर फ्रेमची मागची पट्टी उघडी ठेवावी लागते, लाकूड फक्त दोन्ही बाजूंना. बोट लांब असेल तर पट्टीवरही लाकूड चढवता येतं आणि बेचकीला आराम मिळतो. सगळ्यांना एकच मूठ विकणाऱ्याला यातलं एकच निवडावं लागतं.

रबराच्या तयार मुठींशी आमचं वैर नाही. पैसे वाचवायचे असतील तर आधी रबर लावून बघा, असं मी स्वतः सांगतो. 2003 साली स्मिथ अँड वेसनने .500 मॅग्नम काढलं. लांब नळीचं ते रिव्हॉल्वर दोन किलोच्या वर भरतं. त्याला रबरी मूठ, आत मागच्या बाजूला मऊ जेलसारख्या द्रव्याची गादी, आणि ती गादी खरोखर चांगलं काम करते. त्या रिव्हॉल्वरसाठी लाकडी मूठ मागणाऱ्याला आम्ही नको म्हणतो. पण रबर शर्टाला धरतं, घामात कातडीला चिकटतं आणि हात एकदा चुकीचा बसला की सरकून जागेवर येत नाही. .357 आणि .44 वाले नेमबाज याला कंटाळून आमच्याकडे येतात.

कामाची पद्धत आता ठरून गेली आहे. गिऱ्हाइकाचं रिव्हॉल्वर आम्ही मागवत नाही. इथल्या कायद्यात फ्रेम म्हणजे शस्त्र, आणि मूठ म्हणजे नुसता लाकडाचा तुकडा. आमच्याकडे नेहमीच्या फ्रेमींच्या पोलादी नकला आहेत. नकलेला खुणेच्या निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, फळा दाबून बसवायचा आणि उचलायचा. जिथे निळं लागलं तो उंच भाग. तो पटाशीने खरवडायचा, पुन्हा दाबायचा. सगळीकडे सारखं निळं उमटेपर्यंत हे चालतं. यात घाई चालत नाही. लाकूड आणि धातू यांच्यात पोकळी राहिली तर प्रत्येक बाराला फळा खालच्या पिनेवर आपटतो आणि काही शे गोळ्यांत स्क्रूच्या भोकापासून चीर जाते. मग आम्ही मऊ लाकडाची एक कच्ची मूठ टपालाने पाठवतो. गिऱ्हाईक ती लावून नेमबाजी करतं, टोचतं तिथे पेन्सिलीने खूण करतं आणि परत पाठवतं. पक्की मूठ त्यानंतर.

डाव्या फळ्याच्या वरच्या कडेला आम्ही नेहमी खोलगट कापतो. सिलिंडर बाहेर काढून स्पीडलोडर, म्हणजे सगळी काडतुसं एकदम भरायचं साधन, लावताना तो लाकडावर अडकता कामा नये, रिकामी काडतुसंही सरळ खाली पडली पाहिजेत. पकडीसाठी कोरतात ती काट्याची नक्षी मात्र .44 च्या मुठीवर आम्ही धारदार ठेवत नाही. प्रदर्शनात ती सुरेख दिसते, तळहाताचं कातडं मात्र सोलून काढते. बोटांच्या खाचाही आग्रहाने मागितल्या तरच.

लाकडाचं सांगायचं तर सुरुवातीला मला शिसवीचं वेड होतं. आपल्याकडचं लाकूड, गर्द रंग, जड, तेल लावलं की उजळतं. 2 जानेवारी 2017 पासून शिसवीची सगळी जात धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या (CITES) यादीत गेली. तेव्हा कॅनडात एक जोड पाठवायचा तरी परवान्याचे कागद लागायचे. त्याच सुमारास आमच्या एका कारागिराला कोकोबोलोच्या भुशाने मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ उठलं. तेही त्याच कुळातलं लाकूड. दोन्ही बंद केली. इथला काळा अक्रोड आणि मेपल यांच्यावर आलो आणि त्याचं मला समाधान आहे. याच लँकॅस्टर परिसरात 18व्या शतकात जर्मन वंशाच्या कारागिरांनी लांब नळीच्या रायफली घडवल्या, त्यांचे दस्ते लाटांच्या नक्षीच्या मेपलचे असत. लाकूड आम्ही सहा ते आठ टक्के ओलाव्यापर्यंत सुकवून घेतो. शेवटचा हात टंग तेलाचा, चोळून चोळून. काचेसारखं वॉर्निश घामात निसटतं. तेलाचे बोळे बंद पत्र्याच्या डब्यात पाण्यात टाकायचे हा नियम दारावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिला आहे, कारण चुरगाळलेला तेलकट बोळा आपोआप पेट घेऊ शकतो.

सध्या आमचं जास्त काम रुगर कंपनीच्या सुपर रेडहॉक या रिव्हॉल्वरवर चाललं आहे. अलास्कात अस्वलांच्या मुलखात फिरणारे, मासेमारीच्या वाटाडे-मंडळीत काम करणारे ते कमरेला बाळगतात. त्याच्या फ्रेमला मुठीच्या जागी पूर्ण चौकट नाही, एक अरुंद खुंटी आहे, त्यामुळे लाकडाचा आकार पुढून मागून हवा तसा ठेवता येतो. लहान हातांच्या बायकांना हे रिव्हॉल्वर पहिल्यांदाच नीट पकडता येतंय, असं त्यांची पत्रं सांगतात. बायकोने त्यांच्यासाठी मापाचा वेगळा कागद केला आहे, त्यात लोकरी हातमोज्याची जाडीही मोजावी लागते.