तीन सर्व्हो, सहा पाय: घरच्या घरी चालणारा यंत्रमानव

चाकं लावून गाडी पळवणं सोपं असतं. पाय लावले की वजन कुठल्या पायांवर आहे याचा हिशेब सुरू होतो, आणि चालण्याची खरी गंमत तिथेच आहे. बहुतेकांची पहिली चूकही तिथेच होते. पाय हलतात, आवाज होतो, यंत्र मात्र जागच्या जागी थरथरतं. जो पाय पुढे न्यायचा तो आधी जमिनीवरून सुटला पाहिजे, आणि त्या वेळी बाकीच्यांनी भार घेतला पाहिजे.

तिवई कधी डुगडुगत नाही. मुंग्या आणि झुरळं बहुतेक वेळा याच न्यायाने चालतात: एका बाजूचा पुढचा व मागचा पाय आणि दुसऱ्या बाजूचा मधला, असे तीन पाय जमिनीवर असतात, तेव्हा उरलेले तीन हवेत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एमआयटीत बनलेल्या ‘गेंगिस’ या सहापायी यंत्रमानवाला १२ मोटरी होत्या. इथे तिनांत भागतं, कारण कोपऱ्यातल्या चार पायांना स्वतः वर उचलायचं कामच नाही. मधली जोडी सगळं अंग एका बाजूला कलंडवते आणि दुसऱ्या बाजूचे पाय आपोआप सुटतात.

सामान असं: एसजी ९० सर्व्हो (सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी छोटी मोटर) ३, आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड) १, ट्रिपल-ए मापाचे रिचार्जेबल निकेल सेल ४ आणि त्यांचा डबा, छोटा स्विच, १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कपॅसिटर, २ मिमी जाडीची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार मीटरभर, १ मिमीची थोडी तार, एम ३ स्क्रू आणि नायलॉक नट २-२, वायसर, केबल टाय. तार, नट, वायसर हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. सर्व्हो आणि नॅनो गावात मिळाले नाहीत तर गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची यादी द्या. सर्व्हो एक जादा मागवा, आतले दाते नायलॉनचे असतात. शाफ्ट (बाहेर आलेला फिरता दांडा) हाताने जबरदस्तीने फिरवला की ते तुटतात.

बूड १२ × ६ सेंमी, ३ मिमी प्लायचं. पुठ्ठा नको, आपल्या कोकणच्या पावसाळी हवेत तो आठवड्यात लिबलिबीत होतो. माणग्याच्या (बांबूच्या) वाळलेल्या कामट्या शेजारी शेजारी बांधूनही उत्तम बूड होतं. पुढच्या दोन कोपऱ्यांत दोन सर्व्हो शाफ्ट खाली करून बसवा, मध्यरेषेपासून शाफ्ट अडीच सेंमीवर. त्यांच्या बरोबर ९ सेंमी मागे मागच्या पायांचे खुंट, म्हणजे एम ३ स्क्रू. सर्व्होसोबत आलेले जादा आरे (शाफ्टवर बसणारे प्लास्टिकचे हात) इथे वापरा. नट इतकाच आवळा की पाय स्वतःच्या वजनाने हलावा पण डुलू नये.

पुढचा आणि मागचा पाय १ मिमी तारेच्या दांडीने जोडायचा. दोन्ही आऱ्यांवर दांडीचं भोक खुंटापासून सारख्याच अंतरावर, १ सेंमीवर, आणि दांडीची लांबी बरोबर ९ सेंमी. हा समांतरभुज चौकोन आहे. दोन मिलिमीटरचा फरक राहिला तरी पुढचा पाय एका कोनात आणि मागचा दुसऱ्याच कोनात जातो, मग पाय एकमेकांना ओढत बसतात. इथे घाई करू नका.

कोपऱ्याचा प्रत्येक पाय: २ मिमी तार खुंटापासून ६ सेंमी बाहेर, मग काटकोनात ५ सेंमी खाली, टोकाला बारीक गोल वळसा. मधला सर्व्हो बुडाच्या मध्यावर, एक सेंमीच्या लाकडी ठोकळ्यावर आडवा, शाफ्ट पुढे तोंड करून. त्याच्या दुहेरी आऱ्याला एकच तार बांधायची, दोन्हीकडे ७-७ सेंमी जाऊन खाली वळलेली. सरळ उभं असताना मधले पाय जमिनीपासून ३-४ मिमी वर हवेत. ते आधीच टेकले तर यंत्र सतत डोलतं.

आरे बसवण्याआधी तिन्ही सर्व्होंना ९० अंशांची आज्ञा द्या, मगच स्क्रू लावा. दात्यांमुळे बरोबर काटकोन जुळत नाही. उरलेले पाच-दहा अंश प्रोग्रॅममध्ये भरून काढा.

आता वजन. हे सगळं दीडशे ग्रॅमच्या आत बसतं. कलंडल्यावर मधल्या पायावर सुमारे ८० ग्रॅम येतात, गुणिले ७ सेंमी, म्हणजे ५६० ग्रॅम-सेंमी. सर्व्होची कमाल ताकद ४.८ व्होल्टला १८०० सांगितलेली असते, पण स्वस्तातला नग तेवढी देईल हे धरू नका. मोठे ‘डबल-ए’ सेल घातले की वजन साठ ग्रॅमने वाढतं, आणि मधला सर्व्हो तापून घुरघुरायला लागतो. सेलचा डबा बरोबर मध्यावर बांधा. तो पुढे सरकला तर दर पावलाला नाक टेकतं.

वीज हा दुसरा कळीचा मुद्दा. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घेऊ नका. तिला एवढा प्रवाह देताच येत नाही, आणि सर्व्होने झटका मारला की नॅनो परत पहिल्यापासून सुरू होतो. अडकलेला एक सर्व्हो अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त ओढतो, म्हणून नॅनोच्या रेग्युलेटरवरून (व्होल्टेज बेताचं ठेवणाऱ्या भागावरून) तिन्ही चालवायचे नाहीत. सेलच्या डब्यातून सर्व्होंना थेट वीज, तिथूनच नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनला, ग्राउंड (ऋण तार) सगळ्यांची एकच, कपॅसिटर सर्व्होंच्या शेजारी. साधे अल्कलाइन सेल चार लावले तर ६ व्होल्ट होतात, ते या पिनला घातक. यूएसबी लावताना स्विच बंद ठेवा.

प्रोग्रॅम चार तालांचा. मधला ९० वरून १०५, उजवी बाजू उचलली. मग बाजूचे दोन्ही सर्व्हो ७० ते ११० असे फिरवायचे, दर १० मिलिसेकंदांना २ अंश. मग मधला ७५, डावी बाजू उचलली. मग दोन्ही परत ७० वर. बाजूच्या दोघांना एकच आकडा द्यायचा. शाफ्ट दोन्हीकडे खाली असल्याने एकाच दिशेच्या फिरण्यात एक पाय पुढे जातो आणि दुसरा मागे. जागेवर वळायचं तर दोघांना उलटे आकडे द्या. चालताना यंत्र मागे गेलं तर कलंडण्याचे दोन आकडे अदलाबदल करा. कलंडणं पूर्ण झाल्यावर ५० मिलिसेकंद थांबा. ते टाळून दोन्ही हालचाली एकदम केल्या की सुरुवातीला सांगितलेली थरथर हमखास मिळते.

कोन वाढवून वेग वाढत नाही. २० अंशांत पाऊल कंसातून जाताना आडवं साडेतीन मिमी सरकतं, ३५ अंशांत अकरा. ते सगळं घसरण्यात जातं. कागदावर एका फेरीला ८ सेंमी निघतात, ५ मिळाले तरी काम चांगलं झालं समजा.

गुळगुळीत लादीवर तार घसरते, म्हणून टोकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवा. सारवलेल्या अंगणात ते छान पकडतात. जांभ्याच्या खडबडीत फरशीवर टोक भोकात अडकतं, तिथे वळसा मोठा करा. वाळूत बाटलीची झाकणं पावलं म्हणून लावली तर यंत्र रुतत नाही, पण सर्व्होच्या आत खारी वाळू गेली की तो संपलाच.

खाऱ्या हवेने जीआय तारेची कापलेली टोकं आधी गंजतात, कारण तिथे जस्त उरत नाही. त्यांना नेलपॉलिश लावा. जंपर वायरीच्या पिना हिरवट पडून सैल होतात, म्हणून सर्किट एकदा चाललं की सगळ्या जोडांना डाग द्या (सोल्डर करा). ग्लूगनचा गोंद ओलसर प्लायवर सुटतो, तिथे स्क्रू आणि केबल टायच हवेत. जून ते सप्टेंबर यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, सेल काढून.