पालिओ, के-लाइन आणि तो निळा डोंगल

"जुन्या गाडीला कुठला स्कॅनर घेऊ?", म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचायचं यंत्र, असं कुणी विचारलं की मी आधी गाडी कुठल्या सालची ते विचारतो, बजेटचं नंतर. नव्या गाडीला काय, काहीही लावा, चालतंय. गंमत आहे ती २०१० च्या आधीच्या गाड्यांची आणि माझ्याकडे नेमकी तसलीच आहे, फियाट पालिओ, कुर्ल्याच्या कारखान्यातली, सचिन जिची जाहिरात करायचा ती.

गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून बाहेर सांगायची जी सोय, तिला ओबीडी म्हणतात. आपल्याकडे बीएस फोर गाड्यांना ओबीडी वन एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी टू एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. अमेरिकेत हेच १९९६ च्या मॉडेलपासून आहे, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. त्यामुळे होतं काय, यूट्यूबवर तिकडचा कुणीतरी वीसेक वर्षं जुन्या गाडीला डोंगल, म्हणजे सॉकेटमध्ये खोचून मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर, लावून दोन मिनिटांत बिघाडाचे कोड काढून दाखवतो, आपण लगेच ऑर्डर करतो, आणि इथे ॲपवर नुसतं 'कनेक्टिंग' फिरत बसतं. डोंगल खराब असेलच असं नाही. गाडीवर ती ठरलेली भाषा, म्हणजे प्रोटोकॉल, पाळायची सक्तीच नव्हती, तर ती कशाला उत्तर देईल!

आणि स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट दिसलं म्हणून खूश होऊ नका. डोंगलचा लाल दिवा लागला म्हणूनही नाही. तो दिवा लागतो कारण १६ नंबरच्या पिनला थेट बॅटरीचा करंट आणि ४ नंबरला अर्थ असतो, बास. इसीयूशी, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरशी, बोलणं होतं ते ७ नंबरवर, त्या जुन्या पद्धतीच्या वायरला के-लाइन म्हणतात, किंवा ६ आणि १४ वर, ती नव्या गाड्यांतली पद्धत, कॅन. म्हणून पैसे टाकायच्या आधी टॉर्च घेऊन खाली वाका आणि कुठल्या भोकांत खरंच धातूची पिन आहे ते बघा. ७ मध्ये आहे, ६ आणि १४ रिकामे, मग गाडी के-लाइनवाली. फुकटातली टेस्ट आहे पण करत कुणी नाही.

आता तो तीन-चारशे रुपयांचा निळा डोंगल. त्याच्यावर ईएलएम३२७ लिहिलेलं असतं. मूळ चिप एल्म इलेक्ट्रॉनिक्स नावाच्या कॅनडातल्या छोट्या कंपनीची, पहिल्या व्हर्जनला कॉपी प्रोटेक्शन नव्हतं त्यामुळे तिच्या नकला जगभर झाल्या, आणि ती कंपनी २०२२ मध्ये बंदही झाली. बाजारात 'व्हर्जन १.५' म्हणून जे विकतात ते व्हर्जन मूळ कंपनीने कधी काढलंच नव्हतं! तरी गंमत बघा, हे नकली १.५ बरेचदा बरं चालतं, आणि २.१ लिहिलेल्या एवढ्याशा डोंगलमध्ये कितीदा के-लाइनचे पार्टच बसवलेले नसतात, किंवा अर्ध्या कमांड त्याला कळत नाहीत. म्हणजे कॅनवाल्या नव्या गाडीत मस्त आणि आपल्या गाडीत मुका. आणि आयफोन असेल तर साधं ब्लूटूथवालं घेऊच नका, जोडलं जाणार नाही, वायफायवालं किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवालं बघा.

माझं मत विचाराल तर जुन्या गाडीला आधी सॉफ्टवेअर शोधायचं आणि मग त्याला चालेल ती केबल घ्यायची. फियाटला मल्टीइसीयूस्कॅन आहे, फुकटच्या व्हर्जनमध्येही बरंच भागतं. जुन्या ऑक्टाव्हियासारख्या गाड्यांना व्हीसीडीएस, फोर्डला फोरस्कॅन. मी पालिओला केकेएल केबल वापरतो, के-लाइनला चालणारी यूएसबीची साधी वायर, जुना विंडोज लॅपटॉप मांडीवर. दिसायला गबाळं काम आहे पण इसीयू पटकन बोलतो. पंधरा-वीस हजारांचे टॅबलेटवाले स्कॅनर गॅरेजवाल्याला ठीक, रोज दहा कंपन्यांच्या गाड्या येतात त्याच्याकडे. एका गाडीच्या मालकाने त्यात पडू नये. आणि पद्मिनी किंवा कार्ब्युरेटरवाली मारुती असेल तर प्रश्नच मिटला, वाचायला इसीयूच नाही.

अजून एक, कोड वाचणं हे स्कॅनरचं सगळ्यात छोटं काम आहे. लाइव्ह डेटा, म्हणजे गाडी चालू असताना सेन्सरचे आकडे, नीट दाखवत नसेल तर तो स्कॅनर घेऊ नका. माझ्या गाडीचं ॲव्हरेज पडलं होतं, चेक इंजिनचा दिवा नाही, कोड नाही, काही नाही. लॅपटॉप लावून एक्स्प्रेसवेला गेलो, तर मोकळ्या रस्त्यावर कूलंटचं तापमान ६५ च्या आसपास आणि खंडाळ्याच्या उतारावर त्याहून खाली, मग शहरात ट्रॅफिकमध्ये अडकलो की पुन्हा वर ८५-९०. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकलेला, वयोमानानुसार होतं ते. इंजिन कायम थंड, त्यामुळे इसीयू बिचारा पेट्रोल जास्त सोडत बसतो, आणि जुन्या सिस्टीमला यात काही चुकतंय हे कळतच नाही म्हणून कोडही टाकत नाही. थर्मोस्टॅट बदलला, झालं. नुसता कोड रीडर असता तर 'नो फॉल्ट' वाचून सेन्सर बदलत बसलो असतो.

पण मग सेन्सरच खोटं सांगत असेल तर? सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, इंजिन चालू न करता फक्त चावी फिरवून कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघायचं. दोन्ही जवळपास सारखंच दिसायला हवं. वीस डिग्रीचा फरक असेल तर दोघांतला एक जण थापा मारतोय. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचं पण तसंच, इंजिन गरम झाल्यावर व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सतत वरखाली नाचायला हवं, एका जागी बसून राहिलं की शंका घ्यायची.

कोड क्लिअरचं बटन लगेच दाबू नका, आधी फोटो काढा. क्लिअर केलं की फ्रीज फ्रेम पण जाते, म्हणजे बिघाड झाला तेव्हा आरपीएम किती, तापमान किती ती सगळी माहिती.

आणि काम झालं की डोंगल काढून ठेवा. १६ नंबरची पिन चावी काढल्यावरही चालूच असते, चार-पाच आठवडे गाडी हलली नाही तर आधीच म्हातारी झालेली बॅटरी उतरू शकते, आणि मग शेजाऱ्याकडे जंपर केबल मागत फिरा.