चाळीस अंशांवरचे दोन रोध

गेल्या जानेवारीत, नाशिकची थंडी ऐन भरात असताना, आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका पॉलिमर फिल्मची आयनिक वाहकता, म्हणजे तिच्यातून आयन किती सहज वाहतात ते, मोजण्याचे काम चालू होते. पॉलिइथिलीन ऑक्साइड आणि लिथियम टीएफएसआय या क्षाराची ती फिल्म होती. साखळीतील दर वीस ऑक्सिजन अणूंमागे एक लिथियम आयन असे तिचे प्रमाण होते. स्टेनलेस स्टीलच्या दोन चकत्यांमध्ये, ठरावीक जाडीच्या कड्यासह ती बसवून सेल ग्लोव्ह बॉक्समध्येच, म्हणजे ओलावा नसलेल्या बंद पेटीत, हवाबंद केला होता.

माझ्या विद्यार्थिनीने सेल चाळीस अंशांवर स्थिर केला, तेव्हा इम्पीडन्सच्या (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या विरोधाच्या) आलेखावरून रोध सुमारे 5000 ओहम मिळाला. पुढे तापमान ऐंशीपर्यंत नेऊन परत चाळीसवर आणल्यावर तोच रोध 500 ओहमच्या आसपास आला. तीच फिल्म, तेच तापमान, आणि वाहकता दहापट!

"मॅडम, वितळून फिल्म चकत्यांना नीट चिकटली असेल," ती म्हणाली. शंका रास्त होती, कारण संपर्क सुधारला की रोध उतरतोच. पण तसे असेल तर ती सुधारणा टिकायला हवी. म्हणून सेल उघडला नाही, रात्रभर खोलीच्या तापमानाला तसाच ठेवला आणि सकाळी पुन्हा चाळीस अंशांवर मोजला. रोध पुन्हा 5000 च्या जवळ गेला होता. संपर्क रातोरात बिघडण्याचे काही कारण नव्हते, आणि बंद सेलमधल्या ओलाव्यानेही असा चढउतार होत नाही.

या पॉलिमरचे क्षारांशी संयुग होते हे फेंटन, पार्कर आणि राइट यांनी 1973 मध्ये दाखवले. ते बॅटरीत वापरावे ही कल्पना मिशेल आर्मां यांनी 1978 मध्ये मांडली. त्यानंतर 1983 मध्ये बेर्तिए आणि सहकाऱ्यांनी अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुनादाच्या साहाय्याने सिद्ध केले की, आयनांचे वहन मुख्यतः अस्फटिकी भागातून, म्हणजे साखळ्या विस्कळीत असलेल्या भागातून, होते. लिथियम आयनाला साखळीतील ऑक्सिजन धरून ठेवतात, आणि साखळीचे तुकडे हलतील तसा तो एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे सरकतो. स्फटिकात साखळ्या रचून बसल्या की ही हालचालच थांबते. शुद्ध पॉलिमरचे स्फटिक सुमारे 65 अंशांना वितळतात, क्षार मिसळल्यावर थोडे आधी. ऐंशी अंशांवरून उतरताना मात्र ते लगेच परत बनत नाहीत, आणि ऐंशीवरून उतरल्यानंतरच्या मोजमापात आम्ही हाच मधला काळ पकडला होता.

हे डोळ्यांनी पाहावे म्हणून त्याच घडणीची पातळ फिल्म काचपट्ट्यांमध्ये बंद करून ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली; त्यात स्फटिक उजळ दिसतात आणि अस्फटिकी भाग काळा. वितळल्यावर क्षेत्र पूर्ण काळे झाले. थंड होताना बराच वेळ काहीच दिसेना. मग एका कोपऱ्यात उजळ ठिपका उमटला, पसरत गेला, आणि त्याच्या पोटात काळा क्रॉस स्पष्ट झाला. हा स्फेरुलाइट, म्हणजे केंद्रापासून चहूकडे वाढणारा स्फटिकांचा गोल. असे अनेक गोल वाढत एकमेकांना भिडले, त्यांच्या कडा सरळ रेषांत जुळल्या आणि काळा भाग आक्रसत गेला. आयनांना जाण्याची वाट बुजत जाताना मी प्रथमच पाहत होते. विद्यार्थिनी तर जेवायलाही उठली नाही.

माझे मत त्या दिवसापासून ठाम आहे: फिल्म किती तापवली होती आणि नंतर किती वेळ ठेवली होती, हे न लिहिता दिलेला वाहकतेचा आकडा अपुरा आहे. क्रोचे, स्क्रोसाती आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये सिरॅमिकचे नॅनोकण मिसळून वाहकता वाढवली, ती बऱ्याच अंशी असे पुनःस्फटिकीकरण अडवूनच. आम्हीही ॲल्युमिना हे सिरॅमिक मिसळलेल्या फिल्मची तुलना करणार होतो, पण केवळ तापवतानाच्या मोजमापावर. आता दोन्ही फिल्म ऐंशी अंशांवरून उतरवून, रोध तासातासाने मोजत आहोत.