आमची वाटचाल : बेगमपुऱ्यातल्या सात खोल्या

२०११ साली औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) बेगमपुऱ्यातलं जुनं घर पाडून मुक्कामाला भाड्याने द्यायच्या सात खोल्या बांधल्या, तेव्हा डोळ्यांसमोर एकच गिऱ्हाईक होतं : बीबी का मकबरा बघायला आलेला पर्यटक. पाटीवरही मकबऱ्याचंच चित्र काढून घेतलं. पण पर्यटक सकाळी गाडीतून उतरतो, फोटो काढतो आणि तासाभरात वेरूळला निघतो. त्यातच एका ट्रॅव्हल एजंटाने तीन महिन्यांचे पैसे बुडवले. बँकेचा हप्ता काही थांबत नव्हता.

खरं गिऱ्हाईक जूनमध्ये आलं. परभणीकडचे एक काका, सोबत मुलगी आणि पत्र्याची पेटी. मिलिंद महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा होता. "डबा आणलाय, तेवढा गरम करून मिळंल का?" म्हणाले. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू केलं ते नागसेनवन जवळच. १९५८ चं मराठवाडा विद्यापीठही हाकेच्या अंतरावर. पाणचक्कीच्या रस्त्याला लागलं की घाटी, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. प्रवेशाला आलेले पालक, परीक्षार्थी, पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला आलेले बाहेरगावचे प्राध्यापक, घाटीतल्या पेशंटचे नातेवाईक... खोल्या यांनीच भरल्या. आम्ही जिन्याखाली गॅसची शेगडी मांडली आणि पाटी बदलली. १४ जानेवारीला, म्हणजे विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं त्या नामविस्तार दिनी, विद्यापीठाच्या गेटवर गर्दी लोटते. त्या रात्री गच्चीवरही सतरंज्या अंथराव्या लागतात.

प्रवेशाची रांग दुपारी संपते, गावची बस रात्रीची. मधल्या वेळात पालकांना मी पाणचक्कीला पिटाळतो. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी तिथे पाण्याच्या जोरावर पीठ दळलं जायचं. म्हणजे आमच्या धंद्यातले वडीलधारेच ते! डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून कित्येक किलोमीटर लांबून आणलेलं. आमच्या नळाला मात्र कित्येक दिवसांनी एकदा पाणी येतं आणि उन्हाळ्यात टँकरवाल्याची मनधरणी चुकत नाही.

पर्यटक अगदीच येत नाहीत असं नाही. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. हे न बघता आलेलं कोणीतरी दर आठवड्याला आमच्या ओट्यावर तोंड पाडून बसलेलं असतं. त्यांना मी विद्यापीठामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी सांगतो. तिसऱ्या लेण्यात गुडघे टेकून बसलेले, माणसाएवढे भक्त आहेत, सातव्यात नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्यं वाजवणाऱ्या बायका. वर्दळ एवढी कमी, की पाखरांचा आवाज ऐकू येतो.

गेल्या मंगळवारी पुण्याचं एक जोडपं असंच कुरकुरत तिकडे गेलं. संध्याकाळी परतले ते खोली आणखी एका रात्रीसाठी मागतच. पण ती खोली बीडच्या परीक्षार्थीला दिलेली होती. शेवटी आमच्याच घरातली पुढची खोली रिकामी करून दिली.