रास मोहम्मदची जायंट मोरे

इजिप्तमधल्या शर्म अल शेखला जाणारी बहुतेक मंडळी रिसॉर्ट आणि बीचवर खूश असतात पण मला रास मोहम्मदच गाठायचं होतं, जायंट मोरे ईलसाठी, म्हणजे सापासारख्या लांबलचक माशासाठी. रास मोहम्मद म्हणजे सिनाई द्वीपकल्पाचं अगदी दक्षिण टोक, एका बाजूला सुएझचं आखात आणि दुसऱ्या बाजूला अकाबाचं, १९८३ पासून नॅशनल पार्क आहे.

शार्क रीफ या प्रवाळ खडकावर डायव्हिंगसाठी उडी मारली की करंटच आपल्याला योलांडा रीफकडे घेऊन जातो. तिथे १९८० साली बुडालेल्या मालवाहू जहाजातले कमोड अजून पडलेत, सगळे त्यांचे फोटो काढत होते आणि मी कपारी शोधत होते. एका कपारीतून डोकं बाहेर आलेलं! तपकिरी, अंगभर काळपट ठिपके, कल्ल्याच्या भोकाभोवती मोठा काळा डाग, आणि तोंड सारखं उघडबंद. लोकांना वाटतं चावायला आली, पण ती श्वास घेत असते, कल्ल्याचं भोक एवढंसं असल्यामुळे तोंडाने पाणी आत घ्यावंच लागतं. त्याच उघड्या तोंडात क्लीनर रॅस नावाचा एक इवलासा मासा शिरून दातांच्या फटी साफ करत होता, बिनधास्त!

आपल्या बाजारातल्या वामीची ही लांबची नातेवाईक, पण ३ मीटरपर्यंत वाढते आणि वजन ३० किलोपर्यंत जातं. घशात जबड्याची दुसरी जोडी असते, ती पुढे येते आणि पकडलेला मासा आत ओढून नेते, हे शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवलं.

पण खरी मजा पुढे. एक ठिपकेवाला ग्रुपर मासा आला आणि तिच्या तोंडासमोर भराभर डोकं हलवायला लागला, म्हणजे चल शिकारीला! लाल समुद्रातल्या या जोडीवर २००६ मध्ये संशोधन छापून आलंय, ते वाचलेलं पण डोळ्यासमोर घडताना बघणं म्हणजे अक्षरशः काटा आला अंगावर. ती अख्खी बाहेर आली आणि दोघं निघाले. ती फटीत शिरते, मासे घाबरून बाहेर पळाले तर ग्रुपरचे, आत अडकले तर हिचे.

अंदमान, लक्षद्वीपलाही ही ईल आहे, त्यामुळे इजिप्त जमलं नाही तरी बघता येईल. फक्त कुठला गाइड हाताने खायला घालून दाखवतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. हिची नजर अधू, सगळं वासावर चालतं, मासा कुठे संपला आणि बोट कुठे सुरू झालं ते तिला कळत नाही.